प्रस्तावना : पेशी आणि मोल

5 मे 2024 रोजी झालेल्या नीट परीक्षेतला एक प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. प्रश्न होता अणूबद्दल. दोन विधाने दिलेली. कोणते बरोबर आणि कोणते चूक, एवढेच ठरवायचे होते. अणूत धन आणि ऋण प्रभार समान असल्याने तो विद्युतदृष्ट्या उदासीन असतो, हे पहिल्या विधानाचे म्हणणे. दुसऱ्याचे म्हणणे असे, की प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात आणि आपापला वैशिष्ट्यपूर्ण वर्णपट देतात. एनसीईआरटीच्या जुन्या पुस्तकात तसेच छापलेले होते. नव्या आवृत्तीत मात्र ‘प्रत्येक’च्या जागी ‘बहुतेक’ आले होते. परीक्षा घेणाऱ्या एनटीएने दोन उत्तरे ग्राह्य धरली. न्यायालयाने आयआयटी दिल्लीच्या तीन तज्ज्ञांचे मत मागवले, त्यांनी एकच उत्तर बरोबर ठरवले आणि चार लाखांहून अधिक विद्यार्थ्यांचे प्रत्येकी पाच गुण गेले. पैकीच्या पैकी, म्हणजे 720 गुण मिळवणाऱ्यांची संख्या 61 वरून 17 वर आली.

त्या वर्षी नीटभोवती बरेच वादळ उठले आणि त्यात या प्रश्नातले विज्ञान मागे पडले. युरेनियम, थोरियम, रेडियम यांचे अणू आपोआप विघटित होतात, ही गोष्ट विज्ञान शाखेच्या कोणत्याही विद्यार्थ्याला नवी नाही. ज्याला ती परीक्षेच्या खोलीत आठवली, त्याला पुस्तकाची आवृत्ती जुनी की नवी, हा प्रश्नच पडला नसता. ज्याने ओळ पाठ केली होती, तो मात्र ओळीच्या भरवशावर राहिला. प्रश्न भौतिकशास्त्राच्या विभागातला होता. पण त्याने दाखवलेली दुखरी जागा जीवशास्त्र आणि रसायनशास्त्राच्या उजळणीत जास्त सापडते. हे पुस्तक त्याच जागेवर बोट ठेवते.

आधी गुणांचा हिशेब. नीटच्या 720 गुणांपैकी जीवशास्त्राचे 360 आणि रसायनशास्त्राचे 180. दोन्ही मिळून 540, म्हणजे तीन चतुर्थांश. महाराष्ट्राच्या एमएचटी-सीईटीत पीसीबी गटाचे 200 गुण असतात. त्यात जीवशास्त्राचे 100 आणि रसायनशास्त्राचे 50. इथेही प्रमाण तेच. नीटमध्ये 180 प्रश्नांना 180 मिनिटे, बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकीला एक वजा. सीईटीत वजा गुण नाहीत, पण घड्याळ तितकेच निष्ठुर. एमबीबीएस, बीडीएसपासून आयुर्वेद, होमिओपॅथीपर्यंतचे दरवाजे नीटने उघडतात, तर औषधनिर्माणशास्त्र आणि कृषी यांसाठी राज्याची सीईटी लागते. त्यामुळे महाराष्ट्रातला बारावीचा विद्यार्थी बोर्ड, सीईटी आणि नीट या तिन्हींची तयारी एकाच वेळी करत असतो. तीन परीक्षांची तीन तंत्रे सांभाळताना मूळ विषय हातून निसटतो, तो इथेच.

या परीक्षांचा इतिहास तसा लहान, पण वळणावळणाचा आहे. एकेकाळी राज्यात वैद्यकीय प्रवेश बारावीच्या गुणांवर होत आणि एकेका गुणासाठी फेरतपासणीचे अर्ज भरले जात. देशभरातल्या सरकारी महाविद्यालयांतील 15 टक्के अखिल भारतीय जागांसाठी एआयपीएमटी आली, राज्यासाठी सीईटी आली, खासगी महाविद्यालयांची असो-सीईटी निराळी आणि एम्स, जिपमर यांच्या परीक्षा आणखी निराळ्या. 5 मे 2013 रोजी पहिली नीट झाली. त्याच वर्षी जुलैत सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली आणि एप्रिल 2016 मध्ये तो निर्णय मागे घेतला. केंद्राच्या अध्यादेशाने राज्यांना एक वर्षाची सवलत मिळाली आणि 2017 पासून महाराष्ट्रातही वैद्यकीय प्रवेशासाठी नीट हाच एक रस्ता उरला. 2019 पासून ती एनटीए घेते. 2020 मध्ये एम्स आणि जिपमरचे प्रवेशही तिच्याखाली आले.

अभ्यासक्रमही एका जागी थांबलेला नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने 2024 च्या नीटसाठी सुधारित अभ्यासक्रम जाहीर केला. रसायनशास्त्रातून घन अवस्था, पृष्ठभाग रसायन, बहुवारिके गेली. जीवशास्त्रातून पचन आणि शोषण, वनस्पतींतील परिवहन हे धडे गेले. पण राज्य मंडळाच्या बारावीच्या रसायनशास्त्राचा पहिलाच धडा घन अवस्थेचा आहे, बहुवारिकेही तिथे आहेत आणि सीईटीचा 80 टक्के भर बारावीवर असतो. म्हणजे एका परीक्षेसाठी जे टाकले, तेच दुसरीसाठी उचलायचे. कोणता धडा ठेवायचा आणि कोणता सोडायचा याच्या याद्या करण्यात विद्यार्थ्यांचे आठवडे जातात. याद्या बदलत राहतील. मोल, बंध, समतोल, पेशी, जनुक, ऊर्जा हे शब्द मात्र कोणत्याही अभ्यासक्रमातून गेलेले नाहीत आणि जाण्याची शक्यताही नाही.

या मूळ संकल्पना कशा घडल्या, हे थोडक्यात पाहण्यासारखे आहे. श्लायडेन आणि श्वान यांनी 1838–39 मध्ये वनस्पती आणि प्राणी दोन्ही पेशींचे बनलेले असल्याचे मांडले. मेंडेलचा वाटाण्यावरचा निबंध 1866 चा, मेंडेलीव्हची आवर्तसारणी 1869 ची. दोघांमध्ये तीन वर्षांचे अंतर, पण नशीब वेगवेगळे. मेंडेलीव्हने रिकाम्या सोडलेल्या जागा 1875 मध्ये गॅलियमने आणि 1886 मध्ये जर्मेनियमने भरल्या आणि त्याचा शब्द हयातीतच खरा ठरला. मेंडेलकडे 1900 पर्यंत कोणी फारसे वळून पाहिले नाही.

दोन्ही विषयांमधली भिंत मात्र त्याही आधी हलली होती. 1828 मध्ये वोलरने अमोनियम सायनेटपासून प्रयोगशाळेत युरिया तयार केला आणि सजीवांतले पदार्थ सजीवांतच तयार होतात या समजाला पहिला मोठा धक्का बसला. 1897 मध्ये बुखनरने यीस्टच्या पेशी फोडून, त्यांच्या नुसत्या रसाने साखर आंबवून दाखवली. 1907 चे नोबेल त्यासाठीच, आणि तेही रसायनशास्त्राचे. आंध्रातल्या भीमावरमचे यल्लाप्रगड सुब्बाराव यांनी सायरस फिस्क यांच्याबरोबर हार्वर्डमध्ये 1929 मध्ये एटीपी वेगळे केले. त्याच सुमारास जर्मनीत लोमन यांनीही ते स्वतंत्रपणे शोधले होते. 1937 मध्ये क्रेब्सने त्याच्या नावाचे चक्र मांडले. या साखळीत एक मराठी नावही आहे. 1939 मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवणाऱ्या कमला भागवत, पुढे कमला सोहोनी, यांनी वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम-सी असल्याचे बटाट्यावर काम करताना दाखवून दिले. श्वसनाच्या धड्यात तिसऱ्या आणि चौथ्या संकुलामध्ये इलेक्ट्रॉनची ने-आण करणारे हेच ते प्रथिन. दरवर्षी लाखो विद्यार्थी त्याचे नाव पाठ करतात. इलेक्ट्रॉन देणे म्हणजे ऑक्सिडीकरण आणि घेणे म्हणजे क्षपण, हे रसायनशास्त्राच्या वहीत असते आणि जीवशास्त्राच्या वहीपर्यंत पोहोचत नाही.

या पुस्तकाचा मुख्य आग्रह इथून सुरू होतो. जीवशास्त्र पाठ करायचे आणि रसायनशास्त्र सोडवायचे, ही आपल्याकडे रूढ झालेली वाटणी चुकीची आहे. दोन्ही विषयांतल्या मूळ संकल्पना संख्येने थोड्या आहेत, आणि त्यांतल्या सर्वांत महत्त्वाच्या दोघांच्या सीमेवर उभ्या आहेत.

प्रकाशसंश्लेषणाचे समीकरण घ्या. दहावीपर्यंत कार्बन डायऑक्साइडचे सहा रेणू आणि पाण्याचे सहा रेणू मिळून ग्लुकोज आणि ऑक्सिजन असे शिकवले जाते. अकरावीत तेच समीकरण डावीकडे पाण्याचे बारा रेणू आणि उजवीकडे सहा रेणू घेऊन येते. दोन्ही बाजूंचे सहा-सहा खोडले तर जुनेच समीकरण मिळते, मग हा द्राविडी प्राणायाम कशाला? कारण बाहेर पडणारा ऑक्सिजन कुठून येतो, हे त्यात सांगायचे आहे. ऑक्सिजनचे सहा रेणू म्हणजे बारा अणू. ते सगळे पाण्यातून येतात आणि पाण्याच्या एका रेणूत ऑक्सिजनचा एकच अणू असतो. म्हणून पाणी बारा रेणू हवे. व्हॅन नील यांनी गंधकी जीवाणूंच्या अभ्यासावरून हा तर्क केला होता; ते जीवाणू पाण्याऐवजी हायड्रोजन सल्फाइड वापरतात आणि ऑक्सिजनऐवजी गंधक बाहेर टाकतात. 1941 मध्ये रूबेन आणि केमेन यांनी ऑक्सिजन-18 या समस्थानिकाने पाण्यावर खूण करून ते प्रयोगाने दाखवले. समीकरण संतुलित करणे रसायनशास्त्राचे, समस्थानिक रसायनशास्त्राचा, जीवाणू जीवशास्त्राचे; प्रश्न मात्र एकच.

रक्ताचे उदाहरण याहून बोलके आहे. रक्ताचा सामू 7.4 असतो, हे सगळ्यांना पाठ असते. तो 7.4 च का, हे दोन ओळींच्या गणिताने निघते. रक्तातले बायकार्बोनेट लिटरला सुमारे 24 मिलिमोल, विरघळलेला कार्बन डायऑक्साइड सुमारे 1.2 मिलिमोल, गुणोत्तर 20. त्याचा लॉगॅरिदम 1.3. बफरचा पीके 6.1. बेरीज 7.4. आयनिक समतोलाच्या धड्यातले हेंडरसन-हासलबाल्क समीकरण म्हणजे एवढेच. आता श्वास रोखला, की कार्बन डायऑक्साइड वाढतो, गुणोत्तर घटते, सामू खाली येतो. मेंदूतल्या श्वसनकेंद्राला ते कळते आणि श्वास घेतल्यावाचून राहवत नाही. मूत्रपिंडे याच गुणोत्तराची दुसरी बाजू सांभाळतात. समतोल, श्वसन आणि उत्सर्जन हे धडे तीन ठिकाणी छापलेले असले, तरी शरीरात ते एकाच वेळी चालू असतात.

सिकलसेल आजार महाराष्ट्राला परका नाही. नंदुरबार, गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांतल्या आदिवासी समाजांत आणि विदर्भात तो आढळतो. 1 जुलै 2023 रोजी त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीमही सुरू झाली. पुस्तकात तो आनुवंशिकतेच्या धड्यात येतो. बीटा साखळीतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन, कोडॉन जीएजीऐवजी जीयूजी. एवढे लक्षात ठेवले की प्रश्न सुटतो. पण एका अमिनो आम्लाच्या बदलाने तांबडी पेशी विळ्यासारखी का वाकते? ग्लुटामिक आम्लाच्या बाजूच्या साखळीवर रक्ताच्या सामूला ऋण प्रभार असतो आणि तिचे पाण्याशी जमते. व्हॅलिनची साखळी अध्रुवीय, तिला पाणी नको असते. ऑक्सिजन सोडलेली हिमोग्लोबिन्स या जागी एकमेकांना चिकटतात, त्यांचे तंतू बनतात आणि पेशी आतून ताणली जाते. लायनस पॉलिंग यांनी 1949 मध्ये याला रेणूचा आजार म्हटले, तेव्हा ध्रुवीयता हा रसायनशास्त्राचा विषय वैद्यकाच्या दारात येऊन उभा राहिला. दोन वाहक आई-बापांच्या प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता चारांत एक, हा मेंडेलचा हिशेब त्यानंतरचा.

उजळणी कशी करावी, याबाबत आपल्याकडे ढोबळमानाने तीन पंथ आहेत.

पहिला ओळीचा पंथ. एनसीईआरटीचे पुस्तक ओळ न् ओळ वाचा, आकृत्यांखालचा मजकूरही सोडू नका, असे तो सांगतो. त्यात तथ्य आहे. नीटमधले जीवशास्त्राचे कितीतरी प्रश्न त्या पुस्तकाच्या वाक्यांवरूनच घेतलेले असतात. धोका कुठे, ते 2024 ने दाखवले.

दुसरा सरावाचा पंथ. कोट्यात 1980 च्या दशकात व्ही. के. बन्सल या अभियंत्याने घरी सुरू केलेल्या शिकवणीपासून पुढे अख्खे शहर क्लासचे झाले. महाराष्ट्रात त्याच्याशी समांतर, पण वेगळ्या मुशीतून लातूर पॅटर्न वाढला. राजर्षी शाहू आणि दयानंद यांसारख्या महाविद्यालयांनी अभ्यासक्रम लवकर संपवून सराव परीक्षांचा धडाका लावला आणि मराठवाड्यातली मुले गुणवत्ता यादीत दिसू लागली. ग्रामीण विद्यार्थ्यांना या पंथाने दिलेला आत्मविश्वास कोणी नाकारू नये. मात्र टेस्ट सिरीजचे गुण बघायचे आणि चुकलेला प्रश्न का चुकला ते न बघता पुढच्या पेपरला बसायचे, ही त्याची बिघडलेली आवृत्ती आज सर्रास दिसते.

तिसरा संकल्पनेचा पंथ. मुंबईतले होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र 1974 पासून या दिशेने काम करते आहे. ऑलिम्पियाडची राष्ट्रीय निवड आणि प्रशिक्षण तेथूनच होते. 2001 चे आंतरराष्ट्रीय रसायनशास्त्र ऑलिम्पियाड आणि 2008 चे जीवशास्त्र ऑलिम्पियाड मुंबईत भरले होते. ग्लासगो विद्यापीठातल्या अलेक्स जॉनस्टन यांचे एक निरीक्षण या पंथाच्या मुळाशी आहे : रसायनशास्त्र तीन पातळ्यांवर चालते. डोळ्यांना दिसणारे, न दिसणाऱ्या रेणूंचे आणि कागदावरच्या चिन्हांचे. शिक्षक या तिन्हींमध्ये सहज ये-जा करतो. नवख्या विद्यार्थ्याला एकदम तिन्ही पेलत नाहीत आणि तो चिन्हे घोकू लागतो. या पंथाची मर्यादा अशी, की समजले म्हणजे परीक्षेत आठवेलच, असे तो गृहीत धरतो.

आठवण्याचे शास्त्र निराळे आहे. अमेरिकेतल्या सेंट लुइस येथील रोडिगर आणि कार्पिके यांनी 2006 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटाने उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्याने एकदाच वाचला आणि तीन वेळा पुस्तक मिटून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते, 83 टक्के विरुद्ध 71. आठवड्याने चित्र पालटले : वाचणाऱ्यांना 40 टक्के आठवले, आठवून लिहिणाऱ्यांना 61. परीक्षेच्या आदल्या रात्री पुस्तक पुन्हा वाचल्यावर सगळे येते असे का वाटते, आणि नंतर ते का टिकत नाही, याचे उत्तर या चार आकड्यांत आहे. डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या. स्वतःची चाचणी घेणे आणि अंतर ठेवून उजळणी करणे या दोन वरच्या श्रेणीत आल्या. ओळींवर हायलाइटर फिरवणे आणि पुन्हापुन्हा वाचणे तळाला गेले.

आणखी एका अडचणीबद्दल पुस्तके सहसा बोलत नाहीत. पाठ्यपुस्तकातला आकडा आणि विज्ञानाचा आकडा कधीकधी वेगळे असतात. एका मोल वायूचे प्रमाण स्थितीतले आकारमान 22.4 लिटर, हे पिढ्यान्‌पिढ्या पाठ झाले; पण तो आकडा एक ॲटमॉस्फिअर दाबाचा. 1982 पासून आययूपीएसीने प्रमाण दाब एक बार धरला आणि त्याला आकारमान येते 22.7 लिटर. ग्लुकोजच्या एका रेणूपासून 38 एटीपी मिळतात, हा जीवशास्त्राच्या पुस्तकातला हिशेब आहे. आजचे जीवरसायनशास्त्र 30 ते 32 सांगते. परीक्षार्थ्याने काय करावे? आकडा कोणत्या गृहीतकावर उभा आहे, ते जाणून घ्यावे आणि प्रश्नात कोणते गृहीतक आहे, ते वाचावे. गृहीतक माहीत असलेला विद्यार्थी दोन्ही उत्तरे देऊ शकतो, आणि प्रश्नकर्त्याला कोणते हवे आहे हेही ओळखतो.

भाषेची बाबही महत्त्वाची. दहावीपर्यंत विज्ञान मराठीत शिकलेली हजारो मुले अकरावीत इंग्रजी पुस्तकांसमोर येतात. नीट मराठीसह 13 भाषांत देता येते, पण अनुवादात शंका आल्यास इंग्रजी मजकूरच अंतिम धरला जातो. अशा विद्यार्थ्याला संकल्पना येत असते, तिचे नवे नाव येत नसते. आणि दोन्हींची गल्लत होऊन तो स्वतःला कच्चा समजू लागतो. म्हणूनच या पुस्तकाने विवेचन मराठीत ठेवले आहे आणि परीक्षेत भेटणाऱ्या संज्ञा पहिल्या उल्लेखापासून बरोबर वागवल्या आहेत. तंतुकणिका आणि मायटोकॉन्ड्रिया या एकाच गोष्टीच्या दोन ओळखी आहेत, हे वाचकाला वेगळे पाठ करावे लागू नये.

पुस्तकाची मांडणी धड्यांच्या क्रमाने नाही. पदार्थ, ऊर्जा, समतोल, माहिती आणि विविधता या सूत्रांभोवती दोन्ही विषय एकत्र आणले आहेत. प्रत्येक सूत्रात आधी प्रश्न, मग विवेचन, मग पुस्तक मिटून लिहायची जागा असा क्रम आहे; उत्तर चुकले तर चूक संकल्पनेची, आकड्याची की वाचनाची, हे नोंदवायला तिथेच रकाना आहे. वर्गीकरणातली नावे, सेंद्रिय अभिक्रियांचे अभिकर्मक, संप्रेरकांच्या याद्या यांचे पाठांतर टळत नाही आणि पुस्तक तसा आवही आणत नाही. पाठांतराचा भाग वेगळा काढून त्याला त्याची जागा दिली आहे, इतकेच.

हे पुस्तक काय करत नाही, तेही स्पष्ट असावे. ते पाठ्यपुस्तकाची जागा घेत नाही. संभाव्य प्रश्नांचा अंदाज बांधत नाही. भौतिकशास्त्राला त्यात स्थान नाही. अमुक दिवसांत अमुक गुण, असे आश्वासनही त्यात कुठे सापडणार नाही. नीटला 2024 मध्ये 23 लाखांहून अधिक विद्यार्थी बसले होते आणि एमबीबीएसच्या जागा त्याच्या तुलनेत फारच कमी आहेत, तेव्हा अशी हमी देणाऱ्यांपासून चार हात लांब राहिलेले बरे.

वाचकाला एक विनंती. हे पुस्तक सलग वाचू नये. आधी कोणत्याही सूत्राच्या सुरुवातीचे दहा प्रश्न पेनाने सोडवावेत, चुकले तरी उत्तरे न पाहता पूर्ण करावेत आणि मगच विवेचनाकडे वळावे. आठवड्याने तेच दहा प्रश्न पुन्हा घ्यावेत. ज्यांनी अकरावीत रसायनशास्त्र कसेबसे ओढत नेले, त्यांनी सुरुवात मोलपासून करावी. बाकीच्यांनी रक्ताच्या सामूपासून केली तरी चालेल.